आंतरराष्ट्रीय घडामोडींवरची व्याख्यानं खानदेशात कुठे ऐकायला मिळतील, आणि जाऊन हाती काय लागतं?

प्रश्न: मी शहाद्याला राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. परराष्ट्र धोरणावरच्या जाहीर व्याख्यानांच्या आणि चर्चांच्या जाहिराती दिसतात त्या सगळ्या दिल्ली, पुणे, मुंबईच्या. येत्या काही महिन्यांत खानदेशात असं काही ऐकायला मिळेल का? आणि एवढा प्रवास करून हाती काय लागतं?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. तो सुटला की व्याख्यानं शोधायची कुठे हेही कळेल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला शेतकरी. केळी आणि कपाशी. गावच्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला हिवाळ्यात भरते, तिचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही एका अभ्यासू प्राध्यापकांना युक्रेन युद्धावर बोलायला बोलावलं. विषय छापला होता, ‘बदलती जागतिक सत्तासमीकरणे’. समोर अकरा माणसं होती आणि त्यातली चार आमच्याच कार्यकारिणीतली. प्राध्यापक मन लावून बोलले, पण मला त्या रिकाम्या खुर्च्या फार लागल्या. त्याच आठवड्यात गावातल्या कृषी केंद्रात पोटॅश खताच्या गोणीवरून वादावादी झाली होती. पन्नास किलोची गोणी सतराशे रुपयांना गेली होती. वाद घालणारे शेतकरी आणि सभागृहातला वक्ता एकाच युद्धाबद्दल बोलत होते, पण तसं सांगणारी पत्रिका आम्ही छापलीच नव्हती.

पुढच्या वर्षी तेच प्राध्यापक पुन्हा आले. या खेपेला विषय ठेवला, ‘पोटॅशची गोणी सतराशेला का गेली?’ खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतून बाकं आणावी लागली.

त्या दिवशी जे कळलं ते मी अजून विसरलेलो नाही. केळीच्या घडाला वजन धरायला पोटॅश लागतं आणि आपल्या देशाला ते जवळजवळ सगळं बाहेरून आणावं लागतं: कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल इथून. बेलारूसला समुद्रकिनारा नाही. त्याचं पोटॅश रेल्वेने शेजारच्या लिथुआनियात जायचं आणि तिथल्या क्लायपेडा बंदरातून जहाजावर चढायचं. अमेरिकेने निर्बंध घातल्यानंतर लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून ही वाहतूक बंद केली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोटॅश विकणाऱ्या मोठ्या देशांपैकी दोन एका महिन्यात अडचणीत आले आणि जगभर भाव चढले. प्राध्यापकांनी फळ्यावर नकाशा काढून एवढंच वीस मिनिटं समजावलं. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने आयुष्यात कधी लिथुआनियाचं नाव ऐकलेलं नव्हतं. घरी जाताना तो त्या बंदराबद्दल विचारत होता.

म्हणून सांगतो, ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द पत्रिकेवर शोधत बसू नका. आपल्याकडे हे विषय दुसऱ्याच नावांखाली येतात. कापूस परिषद, केळी निर्यात कार्यशाळा, बाजार समितीतला मेळावा, खतांवरचं चर्चासत्र, या ठिकाणी परराष्ट्र धोरणावर खरोखर नेमकं बोललं जातं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची २२ टन केळी दुबईला गेली. त्यानंतरच्या निर्यात कार्यशाळांमध्ये आखाती देशांच्या राजकारणाबद्दल मी जेवढं ऐकलं, तेवढं मोठ्या नावाच्या परिसंवादांतही ऐकलं नाही. आखातात शिरायच्या अरुंद समुद्रवाटेत, होर्मुझच्या सामुद्रधुनीत, तणाव वाढला की जहाजाचं भाडं आणि विमा वाढतो, आणि शीतगृहात भरलेला माल थांबून राहतो, हे तिथे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं.

आता रीतसर व्याख्यानांबद्दल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र विभागांत चर्चासत्रं होत असतात. तुम्ही याच विषयाच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा तुमच्या सरांकडे येणारी परिपत्रकं मागून घ्या. बहुतेक परिपत्रकं विभागाच्या कपाटातच राहतात, विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाहीत. २४ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्र दिन असतो, त्याच्या आगेमागे महाविद्यालयांत हमखास काहीतरी ठरतं. सार्वजनिक व्याख्यानमालांचा मुख्य हंगाम दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा, आणि नंतर थोडा वसंतातला. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या वाचनालयांच्या फलकांवर लक्ष ठेवा. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर ‘आजचे कार्यक्रम’ म्हणून दोन ओळी येतात, त्याही बघत चला.

दिल्लीचा सप्रू हाऊसही तुम्हाला शहाद्यात बसून ऐकता येतो. तिथली भारतीय जागतिक व्यवहार परिषद १९४३ ची. २००१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिच्या पुष्कळ चर्चा यूट्यूबवर असतात. परराष्ट्र मंत्रालयाची ‘डिस्टिंग्विश्ड लेक्चर्स’ नावाची मालिका आहे, तिच्यात निवृत्त राजदूत विद्यापीठांत जाऊन बोलतात. ती भाषणं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लिखित रूपातही मिळतात. इंग्रजी अवघड जात असेल तर ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडेल. मुंबईचं गेटवे हाऊस आणि पुण्याचं पुणे इंटरनॅशनल सेंटर या अभ्याससंस्थांचेही कार्यक्रम पाहा. चर्चासत्र भरवायला सप्रू हाऊसची परिषद विद्यापीठांना अनुदान देते. हे तुमच्या विभागप्रमुखांच्या कानावर नक्की घाला.

आम्ही वाचनालयात महिन्यातून एकदा अशी एखादी ध्वनिचित्रफीत मोठ्या पडद्यावर लावतो. दर दहा मिनिटांनी थांबवतो, आणि गावातले एक निवृत्त शिक्षक तेवढा भाग मराठीत, अडलं तर अहिराणीत सांगतात. एका तासाच्या भाषणाला आम्हाला अडीच तास लागतात. हे मला प्रत्यक्ष व्याख्यानाइतकंच मोलाचं वाटतं, कधी कधी जास्तच, कारण इथे ‘मला नाही समजलं’ म्हणायला कोणी लाजत नाही.

या वर्षी कुठले विषय येतील याचा अंदाज बांधता येतो. २०२६ मध्ये ब्रिक्सचं, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि इतर काही देशांच्या गटाचं, अध्यक्षपद भारताकडे आहे, त्यामुळे डॉलरशिवाय व्यापार, रशियाचं तेल, चीनशी संबंध यांवर भरपूर बोललं जाईल. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते, म्हणून नव्या निवडीवर आणि सुरक्षा परिषदेतल्या सुधारणांवर चर्चा होतील. या दोन्हींची तयारी आत्तापासून करून ठेवलीत तर व्याख्यान दुप्पट कळेल.

आणि कुठेही गेलात तरी शेवटचा अर्धा तास सोडू नका. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी धुळ्याला एका निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांच्या भाषणाला गेलो होतो. भारत-अमेरिका संबंध हा विषय. भाषण चांगलं होतं, पण वॉशिंग्टनमधून खाली उतरलं नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून शिंदखेड्याकडचे एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, “साहेब, ते समदं खरं. पन आमना कापूसना भाव का बरं पडना, ते सांगा ना.”

दोन-चार जण हसले. वक्ते हसले नाहीत. त्यांनी पाणी घेतलं आणि अगदी सरळ बोलायला सुरुवात केली. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. कपड्यांच्या निर्यातदारांना त्याचा फटका बसणार हे दिसत होतं. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळेलाच बाहेरच्या गाठी विनाशुल्क येऊ लागल्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता आणि गावात येऊन माल घेणारे खेडा खरेदीवाले त्याच्या बरेच खाली मागत होते. मग ते ब्राझीलवर आले, की अमेरिकेला मागे टाकून तो कापूस निर्यातीत पहिला कसा झाला. बांगलादेश आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक आहे, तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पडल्यावर संबंध बिघडले. खनिज तेल स्वस्त झालं की पॉलिस्टर स्वस्त होतं आणि गिरण्या तिकडे वळतात. शेवटी त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं, की गिरण्या वाचवण्याचं ओझं तुमच्यावर आलं आणि त्या निर्णयाच्या वेळी तुमच्या बाजूने बोलणारं खोलीत कोणी नसावं.

असं उत्तर पत्रिकेतल्या विषयातून कधीच निघालं नसतं. प्रश्नांना वेळ न ठेवणाऱ्या कार्यक्रमाला मी आता पुन्हा जात नाही, वक्ता कितीही मोठा असो. तिसरं महायुद्ध उद्याच पेटणार म्हणून आवाज चढवणाऱ्यांकडेही जात नाही. त्यांच्या टाळ्या मोठ्या असतात, पण घरी आल्यावर वहीत लिहायला एक आकडा सापडत नाही.

आपण आडबाजूला आहोत, जगाचं आपल्याला काय, असं कोणी म्हणालं तर मला राहवत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आमच्याच जिल्ह्यात, फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यांनी त्या भाषणात स्पेनमधल्या यादवी युद्धाबद्दल आणि युरोपातल्या फॅसिझमबद्दल सांगितलं. समोर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं होती. त्यांना हे कळणार नाही असं नेहरूंनी धरलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

तुमच्या शहाद्याचंच घ्या. नंदुरबार जिल्ह्यातली किती घरं सुरतेवर जगतात! तिथल्या उधना, लिंबायत भागांत निम्मा खानदेश राहतो असं आपण म्हणतो. तिथलं कापड आणि तिथले हिरे दोन्ही परदेशी गिऱ्हाइकांवर चालतात. जी-७ गटातल्या अमेरिकेसारख्या सात श्रीमंत देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली आणि मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या रशियन हिऱ्यांनाही ती लागू करायला सुरुवात केली. जगातल्या हिऱ्यांचं बहुतेक पैलूकाम सुरतेत होतं. पुढच्या व्याख्यानाला जाल तेव्हा तुमच्या ओळखीतल्या, सुरतेत काम करणाऱ्या एखाद्या माणसाला आधी फोन करून विचारा, की गेल्या दोन वर्षांत कामाचे दिवस कमी झाले का, पगार कापला का. ते लिहून घ्या आणि तोच प्रश्न वक्त्याला विचारा. प्रश्न दोन वाक्यांचा ठेवा. आपलं मत सांगायला उठू नका, नाहीतर संयोजक माईक काढून घेतात.

राहिली प्रवासाची अडचण. संध्याकाळी सहाचं व्याख्यान साडेआठला संपतं आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते. मुलींचं येणं यामुळेच थांबतं, हे आम्हाला उशिरा लक्षात आलं. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही एक दिवस दुपारी दोनला ठेवतो आणि त्या दिवशी निम्म्या खुर्च्यांवर मुली असतात. तुम्हीही संयोजकांना वेळ बदलायला बेलाशक सांगा. चार-पाच मैत्रिणींनी मिळून पत्र दिलं तर बहुतेक जण ऐकतात.

आमच्याकडे पुढच्या बैठकीत ब्रिक्सवरचं एक भाषण लावणार आहोत. तुमच्या महाविद्यालयात तेच लावायचं ठरवलंत तर शिक्षकांनी काढलेली मराठी टिपणं मी इथे खाली टंकून देईन. सुरतेचा प्रश्न लिहून झाला की तोही इथेच टाका, आमच्या बैठकीत वाचून दाखवतो.