वाचक विचारतात : मढ्यावर आधी कोण आलं?

प्रश्न : एकाच डायनोसॉरच्या हाडांवर दोन शिकारी प्राण्यांच्या दातांच्या खुणा असतील, तर आधी कोणी खाल्लं हे कसं ठरवतात?

उत्तर : आधी खूण दातांचीच आहे ना, हे पाहावं लागतं. वाळूत तुडवलेल्या हाडांवर बारीक ओरखडे येतात, मुळं नागमोडी चर पाडतात, आणि उत्खननातल्या हत्याराची खूण आतून फिकट, ताजी दिसते. घोटाळा बहुतेक इथेच होतो.

मग आकार. करवती कडांचा दात हाडावर घासला की समांतर रेघा उमटतात. त्यांमधलं अंतर मोजून दाताच्या धारेशी ताडतात. टायरानोसॉरस हा मोठा शिकारी डायनोसॉर मात्र खोल भोक पाडून मागे ओढायचा. ट्रायसेराटॉप्स या शिंगवाल्या शाकाहारी डायनोसॉरच्या एका कमरेच्या हाडावर अशा सुमारे 80 खुणा आहेत.

क्रम ठरवायला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या खुणा : जी दुसरीला कापून जाते ती नंतरची. अशा जोड्या क्वचितच सापडतात. नसतील तर जागा बघायची. पहिला येणारा पोट आणि मांड्या फस्त करतो. बोटांची, पावलांची हाडं कुरतडलेली असतील तर खाणारा बहुधा उशिरा पोचलेला. तरी हा अंदाजच, कारण भुकेला प्राणी कुठूनही सुरुवात करतो.

जखमेभोवती नवं हाड वाढलेलं असेल, तर तो चावा मढ्यावरचा नव्हेच. प्राणी त्यातून वाचला होता. आणि दोघे समोरासमोर भांडले का? हाडं ते सहसा सांगत नाहीत. दोन खाण्यांमध्ये आठवडाही गेला असेल.