बंदूक नाही, पण कागद आहे

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’वर बोलणं झालं. एक काका म्हणाले, “हे सगळं तिकडचं. आमच्यात बायकांवर बंदूक कोण धरतंय?” मी गप्प बसले. कारण भावांनी परवाच हक्कसोडपत्र समोर ठेवलंय. आई म्हणते, सही करून मोकळी हो, माहेर तुटायला नको. त्या कादंबरीचा माझ्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : आहे, आणि काकांना वाटतो त्यापेक्षा जवळचा.

1985 सालच्या या कादंबरीतल्या गिलियड नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशात बायकांची बँकखाती एका दिवसात बंद होतात, वाचनावर बंदी येते. लोकांच्या लक्षात राहतात ते तिथले बंदूकवाले. मला जास्त भीती वाटते ती ‘आंटीं’ची. मुलींना वळण लावायला तिथे बायकाच नेमल्यात. जनीन नावाची मुलगी आपल्यावर चौदाव्या वर्षी झालेला सामूहिक बलात्कार सांगते. चूक कुणाची, असं आंटी विचारते आणि बाकीच्या मुली तिच्याकडे बोट करून एका सुरात ओरडतात, “तिची!” पुढच्या आठवड्यात जनीन स्वतःच म्हणते, चूक माझीच होती. तिथून पुढे पहारेकऱ्याची गरजच काय?

आपल्याकडे हेच काम कौतुकाने उरकतं. “आमची पोरगी गुणाची, भावाकडं कधी काही मागितलं नाही,” हे हळदीकुंकवात दहा जणींसमोर म्हटलं की झालं. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत दिवस काढणारी, स्वतःच्या मजुरीवर घर चालवणारी बाईसुद्धा जमिनीचा विषय निघाला की पदर सावरून आत जाते. कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे दोन हजार खात्यावर तिच्या नावाने येतात, एटीएम कार्ड मात्र मुलाच्या खिशात. तुमच्या आईला दोष देऊ नका. तिच्यासमोरही कधीतरी असाच कागद आला असेल, आणि तिचंही असंच कौतुक झालं असेल.

आता कागदाचं बोलू. जमीन वडिलार्जित असेल आणि 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. लग्न झालं म्हणूनही तो जात नाही.

आणखी एक अडचण आपल्या भागातली. हक्कसोडपत्र बहुधा कानडीत असतं. मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणी बोट ठेवलेल्या जागी सही करून येतात; आत काय लिहिलंय ते भाऊ सांगेल तेवढंच. (गिलियडला वाचनबंदीचा वेगळा कायदा करावा लागला होता!) तेव्हा कागदाची प्रत घरी मागा. भावांच्या ओळखीचा नसलेल्या वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या. एकदा नोंदणी झाली की ती रद्द करायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

सगळं कळल्यावर वाटा सोडावासा वाटला तर खुशाल सोडा, तोही तुमचाच हक्क. पण त्याआधी आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. भाऊ घाई करू लागले तर सांगा, उतारा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही.