प्लास्टिकच्या मॉडेल गाड्यांमध्ये एका किटची बॉडी दुसऱ्या किटच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बसेल का?

बसते, पण आधी खोक्यावरचं स्केल बघा, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढं आहे ते. तामिया कंपनीच्या गाड्या बहुतेक १/२४, एएमटी कंपनीच्या १/२५. फरक किरकोळ वाटतो. पण खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २७०० मिमी असेल, तर पहिल्यात तो ११२.५ मिमी येतो आणि दुसऱ्यात १०८. एवढ्यानेच चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध बसत नाही आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं. बॉडी मोठी असेल तर चॅसी दोन्ही चाकांच्या मध्ये कापून स्टायरिनची (किटच्याच प्रकारच्या प्लास्टिकची) पट्टी घाला. इंजिन मात्र खुशाल दुसऱ्या स्केलचं वापरा, बॉनेटखाली सहसा कळत नाही. रेझिनचे (साच्यात ओतून केलेले) भाग प्लास्टिक सिमेंटने, म्हणजे किटच्या नेहमीच्या गोंदाने, चिकटत नाहीत, तिथे सुपरग्लू लागतो. रंगाआधी सगळं मास्किंग टेपने बांधून गाडी चाकांवर उभी करून बघाच.