काकूंना विचारा: यॉर्कशरचे शेजारी घरी का बोलवत नाहीत?

प्रश्न: काकू, माझी मुलगी आणि जावई गेल्या वर्षी इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ शिपलीला राहायला गेले. शेजारी दिसले की हसतात, आज हवा काय म्हणते ते सांगतात आणि दार लावून घेतात. एकानेही अजून चहाला या म्हटलेलं नाही. पोरगी कंटाळलीय. तुम्ही त्याच भागात राहिलात ना, तुम्हाला माणसं कशी मिळाली? – एक आई, नाशिक

उत्तर: चहाच्या बोलावण्याची वाट बघू नका म्हणावं, ते येणार नाही. निदान आमच्या गल्लीत तरी ती पद्धत नव्हती. आम्ही 1975 ला सॉल्टेअरला गेलो, शिपलीला खेटूनच आहे ते. ह्यांची नोकरी ब्रॅडफर्डला, आणि सॉल्टेअरमधली गिरणी कामगारांची दगडी घरं आम्हाला परवडण्यासारखी होती म्हणून तिथे. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकाने 1851 पासून आपल्या कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव आहे ते, आणि गल्ल्यांना नावं दिलीत बायकोची न पोरांची, कॅरोलाइन स्ट्रीट, हेलन स्ट्रीट, एडा स्ट्रीट. भिंतीला भिंत लागून घरं, पलीकडच्या आजीबाई खोकल्या तरी मला ऐकू यायचं, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाय टाकला तो त्या आजारी पडल्या तेव्हा.

तर गंमत अशी की ती माणसं घरी बोलवत नाहीत, कामाला बोलावतात. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

मला बोलावलं जंबल सेलला. म्हणजे लोकांनी दिलेले जुने कपडे, भांडी, पुस्तकं चर्चच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडून विकायची आणि पैसे हॉलच्या छपराला नाहीतर स्काउटच्या पोरांच्या तंबूला. याच आजीबाईंनी एका शुक्रवारी दार वाजवलं, उद्या दुपारी मोकळी आहेस का विचारलं आणि मी नीट हो म्हणायच्या आत परत फिरल्या सुद्धा. मला बुटांच्या टेबलावर बसवलं. प्रत्येक जोडीच्या लेसा एकमेकींना बांधायच्या, नाहीतर गर्दीत एक बूट एकीकडे न दुसरा भलतीकडे. बाहेर रांग लागलेली, एकदम शिस्तीत, कोणी कोणाला धक्का लावत नाही, आणि दार उघडल्याबरोबर त्याच शिस्तीतल्या बायका कोपरं बाहेर काढून अशा घुसल्या की मी टेबल धरून उभी राहिले!! दहा पेन्सच्या कार्डिगनसाठी दोघींची ओढाताण मी डोळ्यांनी बघितलीय.

पुढच्या वेळेला मला चहावर घेतलं, ही बढती बरं का. कोपऱ्यात पाण्याचा मोठा बंब, फिकट हिरव्या जाडजूड कपबश्या, आणि दोन दांड्यांची ॲल्युमिनियमची किटली, भरली की एका हाताने उचलायची सोयच नाही. खरी ओळख झाली ती नंतर कपबश्या धुताना. एकीने विसळायच्या, दुसरीने फडक्याने पुसायच्या, दोघींची तोंडं खिडकीकडे. समोरासमोर बसून जी बाई हवेच्या पुढे जात नाही ती हात पाण्यात असले की नवऱ्याचं छातीचं दुखणं, कॅनडाला गेलेला मुलगा, सुनेचा स्वभाव सगळं सांगून मोकळी होते. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही म्हणून असेल, मला तरी तसंच वाटतं.

1977 ला राणीच्या राज्याची पंचवीस वर्षं झाली तेव्हा 7 जूनला देशभर गल्लोगल्ली रस्त्यात टेबलं मांडून पार्ट्या झाल्या. हवा जूनची म्हणवत नव्हती, पोरं कागदी टोप्या घालून कुडकुडत जेली खात होती. तोवर मला कोणी विचारायचंही बंद झालं होतं, नाव सरळ यादीत. माझ्याकडे काकडीची सँडविचं. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत गेलंच पाहिजे नाहीतर काकडीचं पाणी पावात उतरतं, आणि वरून ओलं फडकं झाकायचं म्हणजे पाव वाळत नाही. आजीबाई येऊन फडकं उचलून कडा तपासून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत. म्हणजे पास.

मुलीला सांगा, लायब्ररीत किंवा चर्चच्या हॉलच्या दाराशी नोटिस बोर्ड असतो तिथे मदतनीस हवेत अशी चिठ्ठी लागलेली असते, ती बघ. चर्च म्हणून बिचकू नका, मला कोणी एकदाही प्रार्थनेला चल म्हटलं नाही, त्यांना हात हवे असतात. आणि केक नेऊन देण्यापेक्षा शेवटी खुर्च्या उचलायला थांबलेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

प्रश्न: तिकडे सगळं पबमध्ये चालतं म्हणतात. न पिणाऱ्याने संध्याकाळी करायचं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: आमच्या गावात पबच नव्हता हो. सॉल्टसाहेबांनी गावात तो होऊच दिला नाही, पबात बसायचं तर गावाबाहेर जाऊन. त्याऐवजी 1871 मध्ये इन्स्टिट्यूट बांधलं, त्यात लायब्ररी, वाचनाची खोली, नाचाचा हॉल. आता त्याला व्हिक्टोरिया हॉल म्हणतात. बाकी पबसुद्धा 1988 पर्यंत दुपारी बंद ठेवायचा कायदा होता. रविवारी तर दुकानंही बंद, रविवारी मीठ संपलं तर शेजारीच मागायचं, तेवढं मात्र हक्काने मागता यायचं.

प्रश्न: दिवाळीसारखं काही असतं का त्यांच्यात? – एक वाचक, ठाणे

उत्तर: 5 नोव्हेंबर. 1605 मध्ये गाय फॉक्स आणि मंडळींनी पार्लमेंट उडवायचा कट केला तो फसला, त्याची होळी. लाकडं, मोडकी खुर्ची, वर जुन्या कपड्यात कागद कोंबून केलेला पुतळा, फटाके. ओटचं पीठ न काळी काकवी घालून पार्किन नावाचा केक करतात, आल्याचा ठसका असतो त्यात, करून दोनचार दिवस डब्यात ठेवला तरच खरी चव. पण मला आवडायची ती आदली रात्र. यॉर्कशरमध्ये 4 तारखेला पोरांना वात्रटपणाची जणू परवानगीच, कोणाचं फाटक काढून पळवायचं, दाराच्या मुठीला काकवी फासायची, बेल वाजवून धूम ठोकायची. आमच्या दाराला पहिल्यांदा काकवी लागली तेव्हा हे जाम चिडले, मी म्हटलं अहो आपल्याला मोजलं गल्लीत!

प्रश्न: खरं सांगा, रंगावरून त्रास झाला का? – एक वाचक, पुणे

उत्तर: झाला. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची, पोरं मागून ओरडायची. एप्रिल 1976 मध्ये नॅशनल फ्रंटवाले, म्हणजे बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांना हाकला म्हणणारा पक्ष, ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम भागात आले, त्यांना अडवायला लोक रस्त्यावर उतरले, त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडलो नाही. गिरण्यांच्या रात्रपाळ्यांत कितीतरी पाकिस्तानी माणसं राबत होती, त्यांनी आमच्यापेक्षा खूप जास्त सोसलं. आमच्या गल्लीत तोंडावर कोणी काही बोललं नाही, पाठीमागे काय बोलायचे ते मी काही ऐकायला गेले नाही.

प्रश्न: पुढच्या उन्हाळ्यात लीड्सला जातोय. सॉल्टेअरला बघण्यासारखं काय उरलंय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: उलट आताच जास्त आहे. गिरणी 1986 ला बंद पडली तेव्हा वाटलं संपलं गाव. पुढच्या वर्षी जोनाथन सिल्वर नावाच्या माणसाने ती विकत घेतली आणि आत चित्रांची गॅलरी केली, ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनीची चित्रं आहेत तिथे. 2001 ला युनेस्कोने गाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं आणि आमच्यावेळी परवडली म्हणून घेतलेली घरं आता बघायला तिकडे बसा भरून लोक येतात. गिरणी बघा, कालव्याच्या काठाने चाला, व्हिक्टोरिया हॉलजवळचे चार दगडी सिंह बघा. खिडक्यांतून आत डोकावू नका, लोक राहतात तिथे. आणि गाडी नेऊ नका, पार्किंगसाठी गोल गोल फिराल. 1965 ला बंद केलेलं स्टेशन 1984 ला परत सुरू झालंय, लीड्सहून थेट ट्रेन आहे, उतरलात की समोर गिरणीच.