मुलीच्या वहीतलं नाव

प्रश्न : माझी मुलगी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. फील्डवर्कसाठी ती एचआयव्हीसह जगणाऱ्या वृद्धांना भेटायला जाते. परवा तिची वही वाचली आणि हादरलोच. (इथे एका गृहस्थांचं नाव व हकीकत होती, ती गाळली आहे.) तिला लागण झाली तर? शिवाय ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत. यात कसलं करिअर? तिला स्पर्धा परीक्षांकडे वळवा.
– एक वडील

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती त्या गृहस्थांची. त्यांनी सख्ख्या मुलांनाही काही सांगितलेलं नाही, असं तुम्हीच लिहिता. आता ते तुम्हाला माहीत आहे, ‘मन मोकळं करायला’ ज्यांच्याशी बोललात त्या मेहुण्यांना माहीत आहे आणि काही कारण नसताना मलाही. मुलीची वही विचारल्याशिवाय उघडणं हा एक भाग झाला. पण त्या वहीतलं आजारपण तिचंही नव्हतं, दुसऱ्याचं होतं. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची आहे, काळजीपोटी वाचली म्हणालात, तरी ते पटत नाही.

लागणीचं थोडक्यात सांगतो. गप्पा मारून, हात हातात घेऊन किंवा एका ताटात जेवून एचआयव्ही होत नाही. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधांतूनही तो जोडीदाराकडे जात नाही.

‘आज आहेत, उद्या नाहीत’ हा गैरसमज मात्र जुना आणि चिवट आहे. 1996च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि चित्र पालटलं. वेळेत निदान होऊन औषधं सुरू झाली तर आता आयुर्मान जवळपास इतरांइतकंच असतं. त्याआधी ज्यांना डॉक्टरांनी ‘आवराआवर करून ठेवा’ सांगितलं होतं, त्यांच्यातले काही आज साठी-सत्तरीत आहेत. जगणारच नाही म्हणून त्यांनी म्हातारपणासाठी पैसा जमवला नाही, आणि बरोबरीचे मित्र तर केव्हाच गेले. हृदय, मूत्रपिंड, हाडं यांच्या तक्रारी अशा लोकांत लवकर सुरू होतात, म्हणून या क्षेत्रात पन्नाशीपासूनच ‘वयस्कर’ धरतात. बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या, एचआयव्हीच्या गोळ्या वेगवेगळे डॉक्टर देतात आणि त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात. डोस बदलणं समाजकार्यकर्तीचं काम नाही. त्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावणं हे तिचं काम. वृद्धाश्रम घेईल का, मुलांना सांगायचं की नाही, अडीअडचणीला फोन कुणाचा लिहायचा, हे प्रश्नही तिच्याकडेच येतात. काही जणांना तर उतारवयातच कळतं, तेही उशिरा, कारण या वयात हा आजार असेल अशी शंका डॉक्टरांनाही पटकन येत नाही.

तेव्हा काम भरपूर आहे. पैसा नाही. पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात. निधी आटला की नोकरी गेली. हा आक्षेप तुम्ही घेतला असता तर मी तुमच्याच बाजूनं बोललो असतो! म्हणून तिला सांगा, वैद्यकीय समाजकार्य आणि वार्धक्य हे दोन्ही विषय नीट कर. रुग्णालयं, वृद्धसेवा, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणारी सेवा) असे बाकीचे दरवाजे उघडे राहतील. स्पर्धा परीक्षा या पदवीनंतरही देता येतात, वयाची अट तेवढी बघा.

आता आजचं काम. वही वाचली हे तिला स्वतः सांगा, आणि कुणाकुणाशी बोललात तेही. ती चिडेल, चिडू द्या. तिचीही चूक आहेच: खरं नाव लिहिलेली वही घरात उघडी ठेवत नाहीत, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरतात. तिला हे फील्डवर्कच्या मार्गदर्शकांना कळवावं लागेल. बोलणी बसतील, कदाचित तिथलं कामही थांबेल. मेहुण्यांना फोन मात्र तुम्ही करायचा, तिनं नाही.