आउटिंग नंतर, आधी रेटिंगचं बघा

हिंजवडीत नऊ जणांची टीम हाती आली, एप्रिलच्या अप्रेझलनंतर दोघांनी राजीनामे दिले, उरलेले कामापुरतंही बोलत नाहीत आणि एचआर म्हणतंय मुळशीला आउटिंग न्या. तुमचं हे वाचून राहवलं नाही. आमची टीम यातूनच गेली आहे.

वन-ऑन-वन, कामाची वाटणी वगैरे तुम्ही करतच असाल. मला एकच विचारायचंय: तुमच्याकडे बेल कर्व्ह आहे का, म्हणजे टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायलाच हवं असा नियम?

आमच्याकडे होता. आमची एक सीनियर अर्धा दिवस नव्या मुलांचा कोड तपासण्यात घालवायची. टीम चालायची ती तिच्यामुळे. मी तिला वरचं रेटिंग दिलं. एचआरकडून यादी परत आली, कुणीतरी एक खाली जायलाच हवा म्हणून. तिच्या नावावर तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, कमी, म्हणून तीच गेली खाली. मेल लिहिले, जाऊन भेटलो. प्रत्येक वेळी उत्तर तेच, सिस्टीम घेत नाही. अहो, नऊ जणांचे दहा टक्के म्हणजे एक अख्खा माणूससुद्धा होत नाही! हजारो लोकांचा आकडा एवढ्याशा टीमला लावायचाच कसा? मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच बंद केली.

तिने राजीनामा दिला. त्यापेक्षा मोठं नुकसान पुढे झालं. मदत केली की रेटिंग जातं, हे बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कोड रिव्ह्यू नावापुरते उरले, अडलेलं कुणी सांगेना. टीमवर्कच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त दिसली, कारण तिथे लोक चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हते. आमच्याकडे नेमकं तेच संपलं.

तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असतील, पण माझं स्पष्ट मत, आउटिंग आत्ता नको. कर्व्ह तुमच्या टीमला वेगळा न लावता पूर्ण विभागाला मिळून लागेल, हे मॅनेजरकडून लेखी घ्या. सहकाऱ्यांना केलेली मदत प्रत्येकाच्या गोल शीटमध्ये, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांच्या यादीत, वेटेजसकट घाला, आणि आत्ताच. मार्चमध्ये घालून उपयोग नाही.

जाणाऱ्यांचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असला तरी केटी, म्हणजे त्यांच्या कामाची माहिती दुसऱ्यांना देणं, याच आठवड्यात सुरू करा. शेवटी शेवटी माणूस मनाने निघून गेलेला असतो. आणि स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, साडेनऊला असेल तर अकराला न्या, वाकडच्या ट्रॅफिकमधून फोनवर कुणी नीट बोलू शकत नाही.

कर्व्ह नसेलच, तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. मग त्या दोघांना एकेकट्याला चहाला न्या आणि का चाललात ते विचारा. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर खरं कारण सहसा कुणी लिहीत नाही.