आज्जीचं माहेर आधी विचारा

तुम्ही विचारलंय: ‘वय ६३, पुण्यात कारखान्यातून निवृत्त झालो. आजोबा बेळगाव जिल्ह्यातून आले, एवढंच ठाऊक आहे. घराण्याचा इतिहास शोधायचा आहे, पण मोडी येत नाही, कन्नड येत नाही, आणि दिवस मोकळा असूनही हातून काही होत नाही. रोज किती वेळ द्यावा? सुरुवात कुठून करावी?’

मी ७१ वर्षांची आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवलं, आता बेळगावात मुलाकडे असते. गेली अकरा वर्षं मी हेच काम करते आहे, म्हणून अनुभवातलं सांगते. रोज दीड तास पुरतो, पण रोज हवा. आणि सुरुवात कचेरीतून नको. घरातून करा, आणि घरातही बायकांपासून करा.

बायकांपासून का, ते सांगते. आमच्या आज्जाच्या हातची वंशावळ घरात आहे. नऊ पिढ्या, एकतीस नावं, सगळी पुरुषांची. एकाचीही आई त्यात नाही. ते पाहून मला फार वाईट वाटलं होतं, आणि त्या रिकाम्या जागा भरायच्या म्हणूनच मी या कामाला लागले. पुढं कळलं की त्यात नुसता न्याय नाही, सोयही आहे. आपल्या घराण्याचे कागद प्लेगात, पुरात, वाटणीच्या भांडणात गेलेले असतात. सून जिथून आली त्या घरी मात्र ‘आमची मुलगी अमक्या गावी दिली’ ही आठवण तीन-तीन पिढ्या राहते. बाईच्या नावाबरोबर तुम्हाला दुसरं गाव मिळतं, दुसरं घर मिळतं, दुसरे साक्षीदार मिळतात.

आमच्या पणजीचंच उदाहरण घ्या. ट्रंकेत शके १८२७ चं, म्हणजे १९०५ चं एक गहाणखत सापडलं, मोडीतलं. प्लेगात नवरा गेल्यावर तिनं शेत गहाण टाकलं होतं. त्यावर तिचं नाव होतं, माहेरचा पत्ता काही नव्हता. मी दोन वर्षं कचेऱ्यांत फेऱ्या मारल्या. एका ठिकाणी तर चार वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठवलं आणि पाचव्या खेपेला रजिस्टर वाळवीनं खाल्लं असं सांगितलं. अशात एका दिवाळीला सुनेनं माळ्यावरची भांडी घासायला खाली काढली. तांब्याच्या हंड्याच्या गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली. एका बाईचं नाव, खाली गावाचं नाव आणि ‘यांजकडून’. मी लहानपणी त्याच हंड्यातलं पाणी अंगावर घेतलं होतं.

पण हंड्यावरचं नाव वेगळं आणि गहाणखतावरचं वेगळं. पणजोबांच्या दोन बायका असणार असं मी धरलं आणि वंशावळीत तसं लिहूनही टाकलं. हंड्यावरचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या गावांच्या यादीत सापडेना, तेव्हा तो धागा तिथंच सोडला. चूक माझी होती, मी आजची यादी बघत होते. चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. पणजीचं माहेर तिथलं. तिथं गेले तर नव्वदीच्या एक आज्जी ओसरीवर बसलेल्या. नाव सांगताच म्हणाल्या, “आमच्यातलीच की ती. लग्नात नाव बदललं तिचं, खरं माहेराला आली की सगळी जुन्याच नावानं हाक मारायची.” दोन बायका नव्हत्याच. बाई एकच, तिला माहेरचं नाव एक आणि सासरचं एक. घरी येऊन ती ओळ खोडली आणि एकाच चौकटीत दोन्ही नावं लिहिली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणून पहिला महिना एकाही कार्यालयाचं तोंड बघू नका. घरातली भांडी पालथी करून बघा. तांब्या-पितळेवर नाव घालायची रीत आपल्याकडं होती, लग्नातल्या भांड्यांवर तर हमखास. फोटोंच्या मागची बाजू, लग्नपत्रिका, पोथ्यांची शेवटची पानं, जुनी पासबुकं, पोस्टकार्डं बघा. पुण्यातल्या तुमच्या घरी काही नसेल तर आत्या, चुलते यांच्याकडं असेल.

आणि माणसं. घराण्यातलं सगळ्यांत वयस्क माणूस कोण, ते ठरवा. त्यांना ‘पणजोबांचं नाव काय’ असं विचारलंत तर ‘कोण जाणे’ एवढंच मिळेल. तुमच्या लग्नात मामा म्हणून मागं कोण उभा राहिला होता? पहिल्या बाळंतपणाला कुठं नेलं होतं? म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात, कुणाकुणाच्या नावानं पान वाढायचं? यात्रेला कुठल्या गावचे पाहुणे मुक्कामाला यायचे? असे प्रश्न केले की नावं आपोआप येतात. बेळगावच्या आसपासच्या गावांत लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांच्या अंतरानं भरते, आणि भरते तेव्हा लांबलांबचे सोयरे येतात. तुमच्या मूळ गावाची यात्रा येणार असेल तर कसंही करून जा. तीन दिवसांत मला जेवढी नाती कळली तेवढी तीन वर्षांत कागदांतून कळली नव्हती.

साल कुणाला सांगता येत नाही, पण गोष्टीला खूण असते. ‘प्लेगात गाव सोडून शेतात झोपड्या घातल्या तेव्हा’ म्हटलं की १८९७ नंतरची काही वर्षं धरा. ‘मानमोडीत’ म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ‘गांधी बेळगावला आले तेव्हा मी रांगत होते’ म्हणजे डिसेंबर १९२४, काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं होतं. ‘भूकंप झाला त्या पहाटे’ म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. या खुणांची एक पट्टी करून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

आता दिवसाचं. पहाटे साडेपाचला उठते, फिरून येईस्तोवर सात वाजतात. चहा, अंघोळ, पूजा, सुनेला भाजी चिरून देणं, यात नऊ. साडेनऊ ते अकरा माझं टेबल, पूर्वेच्या खिडकीशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोडी फक्त याच वेळेला वाचते, तेही सलग अर्धा तास, मग दहा मिनिटं झाडांकडं बघायचं. दुपारी जेवून डुलकी. चारचा चहा झाला की माणसांची वेळ, कुणाला फोन, कुणाकडं जाणं. नव्वदीतल्या माणसाशी अर्ध्या तासाच्या वर बोलू नका. दमले की एका भावाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर जाते आणि आपण ती खरी धरून बसतो. मोबाइलवर आवाज घ्या, पण विचारून घ्या. संध्याकाळी साडेसहाला त्या दिवशीचं वहीत उतरवायचं: कुणी सांगितलं, कधी, आणि त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. आठनंतर मी कागदाला हात लावत नाही, रात्रभर डोक्यात नावं फिरत राहतात.

हे वेळापत्रक तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. पण दिवसातली एक वेळ आणि घरातली एक जागा ठरवाच. टेबल रोज आवरावं लागलं की काम बंद पडतं. तुमचा मोकळा दिवस यामुळंच हातातून जात असावा असं मला वाटतं.

वर्षाचाही एक क्रम आहे. आमच्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो, खानापूर भागात तर विचारू नका, त्यात जुने कागद उघडायचे नाहीत. दमट हवेत पानं चिकटतात आणि सोडवताना फाटतात. ते महिने लिहिण्याचे आणि मोडी शिकण्याचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कागद उघडायचे, फोटो काढायचे, वेखंडाचे तुकडे घालून सुती रुमालात पुन्हा बांधायचे. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका.

मोडीला घाबरू नका. आधी ओळीची रेघ मारून मग खाली न थांबता अक्षरं लिहिलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. पहिले दोन महिने डोकं दुखतं हे खरं. पण घरगुती कागदांत तेच तेच शब्द येतात: मौजे, कसबे, परगणे, शके, साक्ष. त्यातले दोन तुम्हाला सगळ्यांत उपयोगी. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. गहाणखतात, खरेदीखतात ‘कोम’ दिसला की त्याच्या आधी बाईचं नाव असतं. मी विद्यार्थ्यांना सांगायचे तसं तुम्हाला सांगते, सगळं पान वाचायच्या मागं लागू नका, आधी हा एक शब्द ओळखायला शिका. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. जुन्या कागदांत फसली आणि शुहूर असे आणखी दोन सन दिसतात; फसली सनात साधारण ५९० मिळवा आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६००.

कन्नडची अडचण तेवढी मोठी नाही. १९५६ नंतरचे जमिनीचे कागद हळूहळू कन्नडात गेले. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. मंगळवारी ती मला उतारे वाचून दाखवते आणि मी तिला मोडी शिकवते. कन्नड आकडे आणि आपल्या आडनावाची अक्षरं आठ दिवसांत ओळखू येतात. आकारबंद, म्हणजे जमिनीचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद, असे शब्द तर दोन्ही भाषांत तेच.

कचेरीत जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमचं गाव १९४८ पूर्वी कुणाच्या राज्यात होतं? आजचा बेळगाव जिल्हा सगळा इंग्रजांकडं नव्हता. बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूरच्या राज्यात, रामदुर्गाचं तर स्वतंत्र संस्थान. गाव संस्थानातलं असेल तर कागदांचा माग त्या संस्थानाच्या दप्तरात घ्यावा लागतो, त्यातलं कोल्हापूरचं दप्तर तिथल्या पुराभिलेखागारात आहे. इंग्रजी मुलखातलं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड, १८८४ चा, बेळगाव जिल्ह्यावरच आहे. तुमच्या आजोबांचं नाव त्यात मिळणार नाही, पण गावाचा मुलूख आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात इथं काय झालं ते कळेल. आपली कितीतरी घरं त्या दुष्काळानं हलवली.

उपनिबंधकांकडं नोंदलेल्या दस्तांच्या दोन सूच्या असतात, एक नावांची आणि एक मिळकतीची. नाव आणि साधारण साल हातात असेल तरच जा. शाळेचं जनरल रजिस्टरही मागा, त्यात जन्मगाव असतं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून दिसली तर बहुधा शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली समजा. मी स्वतः अशी रजिस्टरं सांभाळली आहेत.

हेळवी आठवतात का कुणाला, हे गावी जरूर विचारा. बैलावरून येणारे, दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणणारे. त्यांची घरं ठरलेली असतात. आमचे हेळवी सहा वर्षांपूर्वी आले होते. मी त्यांना बसवून जेवू घातलं आणि सगळं लिहून घेतलं. आज्जाच्या वंशावळीत नसलेला एक भाऊ त्यांच्याकडं निघाला. प्लेगात गेलेला, बिनलग्नाचा, म्हणून घरानं विसरलेला. नाशिक-त्र्यंबकला घराण्यातलं कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांतही सही किंवा नाव सापडू शकतं.

जे सापडेल ते तसंच लिहा. आमच्या कागदांत कर्ज निघालं, एक मोडलेलं लग्न निघालं. चुलतभाऊ म्हणाले, हे गाळ. मी गाळलं नाही. ज्या बाईचं लग्न मोडलं तिची दुसरी कुठंच नोंद नाही.

तर आज चारचा चहा झाला की तुमच्या सगळ्यांत थोरल्या आत्याला किंवा चुलत्यांना फोन लावा आणि एवढंच विचारा: आज्जीचं माहेर कुठलं? ते आणि आजोबांचं गाव, दोन्ही गावांची नावं मिळाली की मला कळवा. १९४८ आधी ती कुणाच्या मुलखात होती आणि आज कुठल्या तालुक्यात आहेत, ते मी बघून सांगते.